एकतीस करड्या ओळी

एका आठवड्यात सहाशे बारा पानं वाचून होतील, एक शाल विणून होईल आणि या सगळ्यात काळजी करायला वेळच उरणार नाही, असं तिने सोमवारी सकाळी जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे दाढी करणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हं." लग्नाला पाच वर्षं झाली की "हं" म्हणजे ठराव एकमताने मंजूर.

काळजीचं कारण मोठं होतं. सासूबाईंच्या हृदयाची झडप झिजली होती. सर्जनने ते नळाचा वायसर गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. "पुढच्या सोमवारी बदलू. तोवर इथेच राहू दे त्यांना, फुप्फुसातलं पाणी उतरायला हवं. नाही बदलली तर दोन महिने, फार तर चार." संमतिपत्रावर सासूबाईंनी रविवारी संध्याकाळपर्यंत सही करायची होती. ऑपरेशनचा धोका शंभरात चार. हे ऐकून घरातल्या सगळ्यांना शहाण्णव ऐकू आले. तिला चार ऐकू आले. तिने कॉलेजात संख्याशास्त्र शिकलं होतं, पण त्या चारही जणांच्या डोळ्यांवर तिला सासूबाईंचाच चष्मा दिसत होता.

काळजी हा तसा तिचा जोडधंदाच. दीड वर्षाची चिमणी दुपारी झोपली की ही तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. तासातून चारदा. चिमणी त्यामुळेच जागी व्हायची, मग ती रडली की हिला बरं वाटायचं, कारण रडणारं मूल श्वास घेत असतं. हे असं किती दिवस चालणार? म्हणून ही योजना. डोळे पुस्तकात, हात विणकामात, कान चिमणीच्या श्वासाकडे. काळजी शिरायला फटच नाही.

पुस्तक सासूबाईंसोबत वाचायचं होतं. नवऱ्याने दोन ई-रीडर घेतले होते, एक आईला आणि एक बायकोला, दोन्ही एकाच खात्यावर. सासूबाई त्याला 'पाटी' म्हणायच्या. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, त्यांच्या हाताला पाटी शोभायची. दवाखान्यात एकटीला करमायचं नाही, तेव्हा दोघींनी एकच कादंबरी एकाच वेळी वाचायची आणि रोज चार ते सहाच्या भेटीत तिच्यावर गप्पा मारायच्या, असं ठरलं. कादंबरी होती एका नदीवरच्या म्हाताऱ्या नावाडिणीची आणि तिच्या जुन्या होडीची. पाटीत असल्यामुळे वजन कमी, पानं जास्त.

आता या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सासूबाई कधी कुणाला तोंडावर बोलत नसत. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे बोलायचं ते लाल पेन्सिलीने. वर्तमानपत्रात नेमकी ओळ सापडली की तिच्याखाली रेघ मारायची आणि पेपर घडी घालून ज्याच्या त्याच्या कपाखाली ठेवायचा. "लहान मुलांना सतत उचलून घेतल्यास त्यांची वाढ खुंटते" ही रेघ तिच्या कपाखाली आली होती. "घरी वेळेवर परतणारे पुरुष दीर्घायुषी" ही नवऱ्याच्या. सासऱ्यांना हयातभर मिठाबद्दलच्या रेघा आल्या. ते गेले तेव्हा त्यांच्या उशाखाली अठ्ठावीस कात्रणं सापडली, सगळी मिठाची. रेघेवर उलट बोलायचं नाही आणि चर्चा करायची नाही. रेघ म्हणजे रेघ.

सोमवारी दुपारी तिने चिमणीला झोपवलं, मांडीवर उशी घेतली, उशीवर पाटी टेकवली आणि पुस्तक उघडलं. पहिलंच पान समोर ठेवून शालीचे एकशे चाळीस टाके सुईवर घालायला घेतले. पाटी घसरू नये म्हणून डाव्या हाताची करंगळी तिच्या खालच्या कडेवर दाबून धरली. मधूनच पडद्यावर एक चौकट उघडायची, ती कोपराने बाजूला सारायची. नव्या यंत्रात चौकटी उघडतातच. एवढी सावध बाई, जिला चिमणीच्या गालावरचा डास पलीकडच्या खोलीतून दिसायचा, तिने ती चौकट एकदाही वाचली नाही.

मंगळवारी तिच्या लक्षात आलं की काही ओळींना करडा रंग आहे. तिला आनंद झाला. नवरा म्हणाला होताच, जगभरच्या वाचकांना आवडलेल्या ओळी हे यंत्र रंगवून दाखवतं. ती त्या ओळी आदराने दोनदा वाचू लागली. "जुन्या होडीला नवं सुकाणू लावून काय करता? तळ कुजला तो कुजलाच." वा. लोकांची आवड चांगली आहे.

बुधवारी ती दवाखान्यात गेली तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पाटी पांघरुणावर उपडी होती.

"कुठवर आलीस?" त्यांनी विचारलं.

"एकशे अठरा. आणि तुम्ही?"

"तू जिथवर जातेस तिथवर मला यावंच लागतं. पाटी सांगते ना, दुसऱ्या यंत्रावर अमुक पान वाचलंय, तिथे जायचं का म्हणून."

"मग? कसं वाटतंय?"

"स्पष्ट आहे."

"हो ना? मलाही तेच आवडलं. उगाच आडपडदा नाही."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आडपडदा म्हणून नाही." आणि त्या भिंतीकडे वळून आडव्या झाल्या.

थकल्या असतील, असं वाटून ती लवकर निघाली. घरी येऊन जास्तच विणलं. काळजी वाढली की तिच्या सुया आपोआप चालायच्या, आणि त्या आठवड्यात काळजीला तोटा नव्हता. गुरुवारपर्यंत शाल खांद्यावरून उतरून जमिनीला लागायला आली. आता थांबायचं कुठे ते कळेना, म्हणून तिने पर्समध्ये मोजपट्टी टाकली.

"आई, जरा सरळ झोपता का?"

"का?"

"माप घेते. डोक्यापासून पायापर्यंत. पूर्ण झाकलं पाहिजे ना, नाहीतर पाय उघडे राहतात."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढला, हात छातीवर घेतले आणि ताठ झोपल्या. "घे बाई. आत्ताच घेऊन टाक. मागाहून धावपळ नको."

"तेच म्हणते मी."

"रंग कुठला घेतलास?"

"पांढराच. एवढी लोकर त्याच रंगात मिळाली."

"बरोबर आहे," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "दुसरा कुठला असणार."

शुक्रवारी नणंदेचा फोन आला. नणंद तिकडे लांब राहायची आणि फोनवर नमस्कार-चमत्कार करत नसे.

"तिकडे चाललंय काय तुमचं? आईने मला घड्याळ न्यायला बोलावलंय. शिवणयंत्र तुला म्हणे. मी म्हटलं, अगं आई, झडप बदलायचीय. तर म्हणते, झडपेचं जाऊ दे, सूनबाईने माप घेतलंय माझं. तू आईचं माप घेतलंस?"

"शालीसाठी, ताई."

"कसली शाल?"

"लोकरीची. पांढरी. म्हणजे मोतिया म्हणतात त्याला."

मग नणंद म्हणाली, "वहिनी, तू शिकलेली आहेस ना गं?" आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी पुढच्या एका पानावर तिला आणखी एक करडी ओळ दिसली. ही बाकीच्यांसारखी पानाच्या तळाशी नव्हती, थेट मधोमध होती. "मी उतरते. माझं गाठोडं बांधलेलं आहे." तिने उठून चिमणीच्या नाकापुढे बोट धरलं. चिमणी रडली. बरं वाटलं.

त्या दिवशी भेटीत काहीतरी छान बोलावं म्हणून ती म्हणाली, "आई, ती गाठोड्याची ओळ वाचलीत? खूप लोकांना आवडलेली दिसते."

सासूबाईंचा चेहरा पाटीच्या पडद्यासारखा करडा झाला. "खूप लोकांना? म्हणजे कुणाकुणाला दाखवलीस?"

"मी कशाला दाखवू? दिसतेच सगळ्यांना."

"असं." सासूबाईंनी बेल वाजवून सिस्टरला बोलावलं आणि भेटीची वेळ संपायला पन्नास मिनिटं असताना "आता मला पडायचंय" असं सांगितलं.

ती घरी पोचली तर नवरा दारातच उभा होता. त्याचा चेहरा तिने आजवर एकदाच तसा बघितला होता, सासरे गेले तेव्हा.

"सर्जनचा फोन आला होता. आई सही करायला नाही म्हणतेय. उद्या संध्याकाळपर्यंत झाली नाही तर परवाची जागा दुसऱ्या पेशंटला देणार. पुढची तारीख सात आठवड्यांनी."

सात आठवडे. दोन महिने, फार तर चार. तिला गणित करायला पेन लागलं नाही.

"पण का?"

"तेच तुला विचारायचंय. तू काय बोललीस आईला?"

"मी? पुस्तकाबद्दल बोलले."

"ती म्हणते, घरात सगळं ठरलंय. मला लेखी कळवलंय."

"लेखी? कुणी?"

"तू," नवरा म्हणाला.

रविवारी दुपारी ती एकटी दवाखान्यात गेली. नवरा घरी चिमणीला सांभाळत होता. खाटेशेजारच्या टेबलावर कोरं संमतिपत्र होतं आणि त्यावर कागद उडू नये म्हणून गोळ्यांची बाटली ठेवलेली. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर दोनशे पानी वही.

"बस," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यात कुणाच्या रेघेवर उलट बोलले नाही. माझ्या रेघांवर कुणी बोललं नाही, मी तरी कशाला बोलू? पण जायच्या आधी एकदा वाचून दाखवते. चुकलं असेल तर सांग."

वहीत तारीख आणि वेळ घालून, समास सोडून, एकतीस ओळी उतरवल्या होत्या. सासूबाई शाळेतल्या आवाजात वाचू लागल्या.

"एक. सोमवार. 'सर्व हक्क राखीव.' सुरुवातच तू इथून केलीस. घराबद्दल आहे ते कळलं मला. घर तुमचंच आहे, मी कधी नाही म्हटलंय? दोन. 'जुन्या होडीला नवं सुकाणू लावून काय करता?' हे झडपेबद्दल. सात. 'घाटावर जागा थोडी. एकाने सोडली तर दुसऱ्याला मिळते.' चिमणीला खोली हवी, मान्य आहे. बारा. 'म्हातारीला हे सांगायचं कुणी, एवढाच प्रश्न उरला.' सांगितलंस ना, उरला कुठे. एकोणीस. 'आणि म्हणून ती.' ही अर्धी का सोडलीस? बोलायचं ते पुरतं बोलावं."

सातव्या ओळीपर्यंत तिला काहीच कळत नव्हतं. बाराव्याला तिने पर्स जवळ ओढली. एकोणिसाव्या ओळीवर तिने पर्समधून स्वतःची पाटी काढली आणि ते पान उघडलं. 'आणि म्हणून ती' हे पानाच्या अगदी शेवटचे तीन शब्द होते. बारावी ओळ पानाच्या तळाशी. सातवी तळाशी. दुसरी तळाशी. मधोमध होती ती फक्त गाठोड्याची, म्हणजे ती सासूबाईंनी रंगवलेली, उत्तर म्हणून. सासूबाईंच्या पाटीवर अक्षर तिप्पट मोठं, त्यांना त्या कुठेही दिसणार. हिच्या पाटीवर मात्र सगळ्या एकाच रांगेत, जिथे आठवडाभर तिची करंगळी दाबलेली होती तिथे. खातं एकच, त्यामुळे इथे रंगलेली ओळ तिकडेही रंगायची.

"आई," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला, "हे मी केलेलं नाही. माझ्या करंगळीने केलंय."

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. गृहपाठ गाईने खाल्ला म्हणणारी मुलं त्यांनी चौतीस वर्षं बघितली होती.

"करून दाखव."

तिने पिशवीतून शाल काढली. ती निघत गेली, निघतच गेली, खाटेवरून उतरून स्टुलाखाली गेली. मांडीवर उशी, उशीवर पाटी, पाटीवर करंगळी. सुलटे दोन, उलटे दोन. सासूबाई आपली पाटी हातात धरून परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारख्या बघत होत्या. काही होईना. आठवडाभर न मागता एकतीस वेळा लागलेली करंगळी आता कुठे, किती दाबायची ते तिला आठवेना.

"पंधरा मिनिटं झाली," सासूबाई म्हणाल्या. "राहू दे. कशाला उगीच."

तिचे हात चालूच राहिले. थांबवता येत नव्हते. आणि हातांबरोबर तोंडही सुरू झालं. "शंभरात चार म्हणाले ते, आई. मला ते चारच दिसतात. मी विणत बसते कारण हात रिकामे राहिले की मी तुमच्या खोलीत जाऊन तुमच्या खाटेवरची चादर नीट करते, आणि ती नीटच असते. तुम्ही नसलात तर चिमणीला ताप आल्यावर मी कुणाला विचारू? हे 'हं' म्हणतात. त्या रेघांचा मला राग यायचा, खरं सांगते. पण सोमवारपासून पेपर येतो तसाच कोरा पडलेला असतो. मी रोज कप उचलून बघते. खाली काही नसतं. मूर्खासारखी रोज बघते."

सासूबाईंच्या हातातल्या पाटीवर एक ओळ हळूच करडी झाली.

त्यांनी ती वाचली. मोठ्याने. "'रडून नदीचं पाणी वाढतं. वल्हं मारा.' ही कुणासाठी?"

तिने दचकून करंगळी उचलली. "कुणासाठीच नाही, आई."

"मला वाटतं तुझ्यासाठी आहे." सासूबाईंनी वही मिटली. मग पुन्हा उघडली. "म्हणजे एकतीसच्या एकतीस?"

"एकतीसच्या एकतीस."

"एकोणतिसावीसुद्धा? 'तिच्या हाताला चव होती, एवढं मात्र सगळे म्हणत.' ही मला बरी वाटली होती."

नाकावरून ओघळलेलं तिने शालीला पुसलं.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "तीस चुका आणि एक बरोबर धरते." त्यांनी उशीखालून लाल पेन्सिल काढली आणि संमतिपत्र ओढून घेतलं. सिस्टर धावत आल्या, लाल चालत नाही म्हणाल्या. निळ्या पेनाने सही झाली. सहीखाली सवयीने रेघ मारली.

सोमवारी सकाळी सातला सासूबाईंना आत नेलं. लोकर नेऊ देत नाहीत, म्हणून शाल बाहेरच राहिली, आणि पाटी सिस्टरने एका पिशवीत घालून परत दिली. नवरा भिंतीला टेकून उभा होता. ती बाकावर बसली. तास-दीड तासाने तिने आपली पाटी उघडली तर समोर चौकट. या वेळी तिने ती वाचली. "दुसऱ्या यंत्रावर पान ६१२ वाचले गेले आहे. तिथे जायचे?"

ती तीनशे चाळीसवर होती. सासूबाई कालपर्यंत तिथेच होत्या. आणि सहाशे बारा हे शेवटचं पान. शेवटचं पान आधी बघणारा मुलगा परीक्षेत कॉपी करणारच, असं म्हणणाऱ्या सासूबाई. त्यांनी आज सकाळी थेट शेवट वाचला होता. पुढे वाचायला मिळालं नाही तर, म्हणून.

तिचं बोट "हो" आणि "नाही" यांच्यामध्ये चार तास राहिलं.

साडेबाराला सर्जन टोपी काढत बाहेर आला. "बसली झडप. तब्येत ठीक आहे." नवरा म्हणाला, "हं," आणि भिंतीवरून घसरून खालीच बसला. तिने "हो" दाबलं. शेवटच्या पानावर एकच करडी ओळ होती. "वल्हं आता तुझ्या हातात. हवं तसं मार, मला विचारू नकोस."

ती तिथेच हमसून हमसून रडली. पाच वर्षांत सासूबाईंनी एवढं स्पष्ट काही दिलं नव्हतं. रेघ म्हणजे रेघ.

घरी जाऊन तिने वल्हं मारलं. सासूबाई परत यायला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत स्वयंपाकघरातली डब्यांची मांडणी, जिला सव्वीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता, ती पार बदलली. चिमणीच्या हाताला लागणारं सगळं वर, वरचं सगळं डावीकडे, डावीकडचं माळ्यावर. चोवीस डबे. प्रत्येकाला नव्या चिठ्ठ्या.

सासूबाई काठी टेकत आल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"चहाचा डबा?"

"तिकडे वर, आई. तुम्ही म्हणालात तसं केलं. हवं तसं."

"मी कधी म्हणाले?"

तिने ओल्या डोळ्यांनी पाटी पुढे केली. सासूबाईंनी ओळ वाचली, दोनदा वाचली.

"छान आहे. पण मी शेवटचं पान कशाला बघेन? त्या दिवशी सकाळी सहाला सिस्टरने झोपेचं इंजेक्शन दिलं, त्यानंतर मला माझं नाव आठवत नव्हतं. पाटी गालाखाली राहिली. हा बघ, अजून वळ आहे."

या घरात तोंडावर बोलत नाहीत. शाल ओढून घेऊन त्या खोलीत गेल्या. शालीचं दुसरं टोक आत पोचायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर टेबलावर होता. त्यावर तिचा कप. छातीत धस्स झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. तिने कप उचलला. घरसामान हलवणाऱ्यांच्या एका जाहिरातीखाली ठसठशीत लाल रेघ होती. "सामान जसे होते तसे परत लावून मिळेल."

ती एक शब्द न बोलता स्टुलावर चढली आणि डबे काढायला लागली. माळ्यावरचे डावीकडे, डावीकडचे वर, वरचे खाली. एकोणीस डबे जागच्या जागी गेले. विसावा हातात असताना तिला टेबलाखाली चिमणी दिसली. चिमणीचे ओठ लाल होते, हनुवटी लाल होती आणि तोंडात सासूबाईंची पेन्सिल होती.

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, पेपर आला का आजचा?"